लाल लुगड्यातली मशीन

श्रावणी सोमवारी दिवेलागणीपर्यंत धुरपताबाईचं मौन असे, आणि नेमके त्याच दिवशी सरकारी वसुलीचे गिरदावर किशनराव शिलाई मशिनींवरच्या कराची पट्टी लिहायला पूर्णेत आले.

तिचा नवरा बन्सीधर सकाळी स्टेशनावर उतारूंना पाणी पाजी आणि दुपारनंतर घरी कपडे शिवी. स्टेशनावरून परतताना त्याला शेजारच्या मुंजाजी शिंप्याने गाठलं. "माझी मशीन म्या कडब्यात पुरली. तुझं तर लय अवघड हाय बाबा. नोकरी बी आन् धंदा बी. असल्याची मशीनच जप्त करायलेत म्हणं."

मशीन धुरपताबाईच्या पाटल्या मोडून आलेली. बन्सीधरकडे कडबाही नव्हता. शेवटी त्याने मशीनवर बायकोचं लाल लुगडं पांघरलं, पुढे नारळ मांडला आणि हळदकुंकू वाहिलं. जपाला बसलेल्या धुरपताबाईने डोळे वटारले.

"तुझं मौन हाय. बोलू नको," तो म्हणाला. लग्नाला बारा वर्षं झाली होती. इतक्या धीटपणे तो पहिल्यांदाच बोलला.

तेवढ्यात किशनराव वही घेऊन दारात. "मशीन कुठाय रे तुझी?"

"मशीन? मी नोकरमाणूस, सायब," बन्सीधर छातीवरचा पितळी बिल्ला पुसत म्हणाला.

"मग हे काय?"

"देवी. सोवळ्यातली. हात लावता येत न्हाई."

"कोणती देवी?"

एवढा विचार बन्सीधरने केला नव्हता. "हिला ठाऊक हाय. पण हिचं मौन हाय."

माळ ओढणाऱ्या त्या बाईकडे पाहून किशनराव वरमले. 'मशीन नाही' असं लिहून त्यांनी बन्सीधरचा अंगठा घेतला, जोडे काढले आणि देवीला लोटांगण घातलं. उठताना टर्रकन आवाज झाला. कोट मानेपासून कमरेपर्यंत उसवला होता.

"बगलेत कापड कमी सोडलंय," बन्सीधर बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. पण किशनरावांचं लक्ष नव्हतं. उद्या तालुकदारसाहेब तपासणीला यायचे होते, आणि कोट एकच.

ते दुपारभर शिंप्यांची दारं ठोठावत हिंडले. मशीन कुणाकडेच नव्हती. तसं त्यांनीच तर वहीत लिहून घेतलं होतं. दिवेलागणीला ते कोट हातावर टाकून परत आले. "ताई, देवीला गाऱ्हाणं घालू द्या."

धुरपताबाईने दिवा लावला, हात जोडले आणि लुगडं बाजूला केलं. "देवी न्हाई सायब, मशीन हाय. कोट द्या, हे शिवतील. मंग काय जप्त करायचं ते करा."

बन्सीधरने धावत येऊन मशीनवर दोन्ही हात पसरले.

"जप्त कोण म्हणालं?" किशनराव चकित झाले. "अर्धा दिवस नोकरी करणाऱ्याला यंदा पट्टी माफ हाय. तेच लिहायला आलो होतो दुपारी."

"मंग सांगायचं की सायब," बन्सीधर म्हणाला.

"सांगणार होतो. तू देवी काढलीस."

कोट शिवून झाला. किशनरावांनी तो घालून खांदे हलवून पाहिले. बगल सैल झाली होती. ते खूश झाले, त्यांनी वहीतली ओळ बदलली आणि मग कपाळाला आठ्या घातल्या. "पण खोटं लिहून दिल्याचा दंड?"

"त्याचं माझ्यावर सोडा," धुरपताबाई शांतपणे म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "श्रावण सरेपर्यंत दर सोमवारी मौन तुमी धरायचं. माझं बोलणं लय साचलंय."

पुढच्या सोमवारी बन्सीधर तोंड मिटून उतारूंना पाणी पाजत होता. खिडकीतून एका म्हातारीने विचारलं, "लेकरा, ही गाडी परभनीला जाती का?" त्याने नुसती मान हलवली. "मुकं हाय बिचारं," म्हणत तिने त्याच्या तळहातावर एक आणा ठेवला. पुढच्या डब्यांतूनही हात बाहेर आले. गाडी हलली तेव्हा त्याची मूठ भरली होती.

फलाटावर समोरच्या बाकावर किशनराव नवी टीप घातलेला कोट घालून बसले होते. या तिसऱ्या कमाईला पट्टी लागते का, हे बन्सीधरला त्यांना विचारायचं होतं. पण दिवेलागणीला अजून लय वेळ होता.