दीडशे बांगड्या फुटल्या त्याची बखर

लंगडा बैल. विहिरीच्या काठी एक जोडवे. हिरव्या काचेचा चुरा. "शेवटपर्यंत वाच."

पाहिले ते एक, ऐकीव ते सतरा. त्या एकास दंडवत घालून लिहितो ऐसे जे. शके सोळाशे चौऱ्यांशी, चित्रभानु संवत्सर, पौषमासी फौज नदीपार छावणीस होती, आणि शिलेदार घरी नेण्यास बांगड्या मागत म्हणून लिंगाप्पा कासार सरकारी कोठीचा माल घेऊन निघाला, आणि त्याने वाटेतून सरकारवाड्यास लिहिले, "छावणीपाशी दीडशे बांगड्या फुटल्या." आता बांगडी फुटली ऐसे आपल्यात कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात, फुटते ती नवरा मेल्यावर. लिंगाप्पा कानडी मुलखाचा, त्यास हे कोण सांगणार? मग वाकनीस विसाजीपंत, ज्यांचे कामच बातमी वाचणे, त्यांनी पहिली ओळ वाचली आणि दीडशे शिलेदार पडले ऐसी दवंडी देवविली. मग नकला निघाल्या, आणि प्रत्येक नकलेखाली "आले तैसे पुढे पाठविले" ऐसा शेरा पडला, आणि दिवस कलेपर्यंत दीडशेचे पाचशे झाले, आणि एकाने तर रक्ताचा पूर डोळ्यांनी पाहिला. तो मेला उंबऱ्याबाहेर पडला नव्हता! मग शिदोजी आणि हैबती या शिलेदार भावांच्या घरी सासूबाई दगड घेऊन उठल्या. थोरली सून भिवराबाई हात पाठीशी घेऊन म्हणाली, "आत्याबाई, नावे वाचली का कोणी? मूळ पत्र दाखवा, मग फोडा." सासूबाई म्हणाल्या, "जळ्ळं तुझं तोंड! सारा गाव रडतो तो खुळा, आणि तू एकटी शहाणी?" मग चौघींनी धरून तिचे हात भुंडे केले. धाकटी तानूबाई, हैबतीची बायको, आपण होऊन हात पुढे करून बसली, आणि मग पाण्यास म्हणून गेली, ती विहिरीतून जिवंत वर आली नाही.

मग भिवराबाई पुसल्या कपाळाने वाड्यात गेली. पंत म्हणाले, "बाई, आम्ही काय पदरचे लिहिले? आले तैसे पाठविले." ती म्हणाली, "मग डोळे कशास, पंत? गंधाखाली शोभेस?" आणि तिने पत्र उचलून कारकुनापुढे टाकले, "शेवटपर्यंत वाच." कारकुनाने वाचले आणि पत्र पंतांपुढे सरकविले. नवव्या दिवशी दोघे भाऊ धडधाकट घरी आले, आणि हैबतीने जोडे काढण्याआधी विचारले, "तानू कुठे?"

विसाजीपंतांस शासन? शालजोडी मिळाली, बातमी सर्वांआधी दिली म्हणून. थू!

तात्पर्य इतुके. तेव्हापासून या राज्यात बातमी आली की बाया विचारतात, "कोणी पाहिले? पुढली ओळ कोणती?" दरबार म्हणतो, प्रजा संशयी झाली. झाली. का झाली ते विहिरीस विचारावे.

पत्राची दुसरी ओळ: "बैल ओढ्यात घसरला, टोपली गेली, माणसे सुखरूप, दुसरा माल धाडणे."