विहीणबाईंना बाग बघायची होती

कांदा उपटायला म्हणून दोन्का परसात गेली आणि वाफ्यांकडे बघून जागीच थबकली. फाटकाची कडी लावायची राहिली होती. कोंबड्यांनी पिकलेला एकही टोमॅटो धड ठेवला नव्हता, काकड्यांनाही चोची मारल्या होत्या. आणि संध्याकाळी सोफिया शहराहून लेकीची होणारी सासू पहिल्यांदाच जेवायला येणार होती. दोन्काने तिला फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "उन्हाळ्यात साधं सॅलडच करतो आम्ही. पण सगळं घरच्या बागेतलं हं!"

"बाजारातून आणतो की," नवरा पेत्को म्हणाला.

"त्यांना कळणार नाही होय? दाताच्या डॉक्टर आहेत त्या!"

"दातांचा काय संबंध?"

 दोन्का तडक कुंपणाशी गेली. शेजारचा मितो बहिणीकडे गेला होता. 'आला की सांगू,' असं मनाशी म्हणत तिने एक सैल फळी सरकवली आणि त्याच्या बागेतून टोपली भरून आणली.

संध्याकाळी टेबलावर सॅलड आलं: टोमॅटो, काकडी, भाजलेली मिरची, वर किसलेलं पांढरं चीज. राकियाचा, म्हणजे फळांच्या घरगुती दारूचा, पेला हातात तसाच राहिला आणि विहीणबाई एव्हेलिना नुसती खातच सुटली.

"अहो, हे गुलाबी टोमॅटो! बी कुठलं हो?"

"सासूबाईंचं," दोन्काच्या तोंडून निघून गेलं. पेत्कोला ठसका लागला.

"मग मला बाग बघायचीच आहे!"

आता आपले उकरलेले वाफे कसे दाखवणार? दोन्काने तिला सरकवलेल्या फळीच्या फटीतून थेट मितोच्या बागेत नेलं.

"मध्ये हे कुंपण कशाला?"

"कोंबड्या येतात ना."

"हुशार आहात हं! आणि टोमॅटोच्या मधे झेंडू का लावलाय? हे मुळाशी काळं काय घातलंय?"

"ते... आमच्याकडे घालतात."

तेवढ्यात हातात पिशवी घेऊन मितो बागेच्या दारात उभा! 

"हे कोण?" एव्हेलिनाने विचारलं.

मितोने सरकलेली फळी बघितली, दोन्काचा चेहरा बघितला.

"मी माळी, बाई. ताईंच्या हाताखाली असतो. आज जेवायलाही बोलावलंय त्यांनी."

आणि तो खरंच येऊन बसला. सॅलड दोनदा वाढून घेतलं, पेला तीनदा भरून घेतला. निघताना एव्हेलिनाने दोन्काला मिठीच मारली.

"ठरलं! पोरांचं लग्न याच बागेत करायचं!"

"माझी काही... म्हणजे ताईंची काही हरकत नसावी," मितो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडतंय तोच दार वाजलं. दारात मितो, हातात दोन कुदळी.

"चला, मालकीणबाई! लग्न तोंडावर आलंय, तण खणून काढायला नको? बाग तुमची आहे ना?"

दोन्काने कुदळ घेतली. आतून, अंथरुणातूनच, पेत्कोचं हसणं ऐकू आलं.

मितोने दुसरी कुदळ भिंतीला टेकवली. "मालकांनाही उठवा," तो म्हणाला, "मी जरा पडतो."