धुमारा, नाम, पुल्लिंगी

शब्दाचा अर्थ कुणीही सांगेल हो, पण त्याचा वाक्यात उपयोग करावा तर मीच! शब्दकोशाच्या कचेरीत लागलो त्याच दिवशी मी हे सगळ्यांना सांगून टाकलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, हा भाग वेगळा.

काम सोपं होतं. विस्मरणात गेलेला एखादा जुना शब्द घ्यायचा, कार्डावर त्याचा अर्थ लिहायचा आणि खाली एक उदाहरण जोडायचं. नोकरी मात्र हंगामी! मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे मुख्य संपादक माझी कार्डं वाचून ठरवणार होते. आणि बायकोने तर मी कायम झाल्याचं माहेरी कळवूनसुद्धा टाकलं होतं! म्हणजे नोकरी गेली असती तर दुसरी शोधता आली असती, पण दुसरी सासुरवाडी कुठून आणणार?

माझ्या वाट्याला झाडापानांचे शब्द आले. पुस्तकी उदाहरणं द्यायचीच नाहीत, समोर दिसेल ते लिहायचं, असं मी ठरवलं. माझ्या टेबलासमोर संपादकांची खुर्ची, खुर्चीमागे खिडकी आणि खिडकीत आवारातलं झाड. संपादक तीन आठवड्यांच्या रजेवर, त्यामुळे झाड अगदी स्वच्छ दिसायचं. पानगळीचे दिवस होते, झाड पार उघडंबोडकं झालं होतं. मी आठवडाभरात कार्डांचा धडाका लावला.

वठणे: ‘समोरचे कधीच वठले आहे, पण जागा सोडत नाही.’

ढोली, म्हणजे खोडातली पोकळी: ‘बाहेरून केवढे भक्कम, आत नुसती ढोली!’

पातेरा, म्हणजे गळून पडलेला पाला: ‘त्याच्याखालचा पातेरा झाडून झाडून शिपाई कंटाळला.’

शेंडा: ‘शेंड्यावर औषधालाही काही उरले नाही.’

संपादक रुजू व्हायच्या आदल्या दिवशी टायपिस्टबाईंनी माझ्यापुढे हातच जोडले.

“मानलं हो तुम्हाला! वीस वर्षं झाली मला इथे. सरांबद्दल इतकं खरं कुणी लिहिलं नव्हतं.”

“सरांबद्दल? अहो बाई, ते झाडाबद्दल आहे!”

“हो हो, झाडच म्हणायचं!” असं म्हणून बाईंनी चक्क डोळा मारला.

मी कार्डं पुन्हा वाचली. संपादकांच्या डोक्यावर एक केस नव्हता. दोन वर्षांपूर्वी निवृत्त व्हायचे, ते मुदतवाढ घेऊन बसलेले. आणि ‘समोरचे’ म्हणजे माझ्या समोर कोण बसतं, हे शिपायालाही ठाऊक होतं! कार्डं बदलावीत, तर प्रत्येकावर क्रमांक पडलेला, शिक्का बसलेला. कोरं एकच राहिलं होतं: धुमारा, म्हणजे नवा कोंब.

मी खिडकीकडे पाहिलं. झाडाला नवी पानं आली होती. म्हटलं, चला, निदान एक गोड वाक्य तरी टाकू! सगळा जीव ओतून लिहिलं: ‘ज्याला सारे वठलेले समजत होते, त्याच्या बोडक्या शेंड्यावर बघता बघता दाट धुमारे फुटले!’

दुसऱ्या दिवशी सकाळी संपादक आले. डोक्यावर केस घेऊन आले! काळेभोर, दाट, डावीकडे भांग पाडलेले. टायपिस्टबाईंनी मशीनवर डोकंच टेकलं. मी मनातल्या मनात बायकोच्या माहेरचा निरोप घेतला.

दुपारी बोलावणं आलं. टेबलावर माझी कार्डं ओळीने मांडलेली होती.

“हे ‘समोरचे’ म्हणजे कोण?”

“झाड, सर! तुमच्या मागच्या खिडकीतलं!”

संपादक वळले. झाड मेलं इतकं हिरवंगार झालं होतं, की पलीकडची भिंत दिसेना.

“हे वठलंय?”

“तेव्हा वठलं होतं, सर.”

“आणि धुमारे? तेही झाडाचेच?”

“झाडाचेच, सर. शपथ!”

संपादक उठले. त्यांनी दार लोटून घेतलं, माझ्याजवळ आले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “खरं सांगा. कळतं का हो?”

मला एकदम भरून आलं. बिचारा माणूस या वयात तीन आठवडे रजा काढतो, धीर करून चारचौघांत येतो, आणि आम्ही काय करतो? नोकरीबिकरी मी पार विसरलो.

“अजिबात नाही, सर! कुणाला शंकासुद्धा येणार नाही, इतके खरे वाटतात!”

“मी कशाबद्दल विचारतोय, हे तुम्हाला कसं कळलं?”

मी खिडकीतल्या झाडाकडे बोट दाखवलं.

आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट. बघता बघता संपादक इतके हसायला लागले, की टोप सरकून कानावर आला. तो त्यांनी एका हाताने नीट बसवला, डोळे पुसले आणि म्हणाले, “उदाहरण जिवंत पाहिजे, असं मी जन्मभर ओरडतोय. तुम्ही पहिले निघालात! फक्त एक शब्द तुमच्याकडून राहिलाय. तो मी भरतो.”

त्यांनी एका कार्डावर लाल शाईने काहीतरी लिहिलं, खाली सही ठोकली आणि म्हणाले, “हाच तुमचा आदेश. या आता.”

बाहेर येऊन मी कार्ड वाचलं.

‘बांडगूळ: दुसऱ्याच्या फांदीवर वाढणारी वनस्पती. उदा. आमच्या कचेरीतले बांडगूळ आजपासून कायम झाले.’

घरी मी शेवटचे तीन शब्द तेवढे वाचून दाखवले.