येसाबाईचे काटे आणि आदर्श शेताची पाटी

एका जंगलात माती फार थोडी उरली होती. मुलांनो, जंगलातली माती कशी संपेल, असे तुम्ही विचाराल. विचारा. मात्र उत्तर चालू असताना मध्ये बोलू नका.

त्या जंगलाच्या पूर्वेला एक लांबच लांब उतार होता. उतारावर चाळीस प्राण्यांची शेते होती. हे प्राणी वरून खाली उकरत येत, कारण वरून खाली उकरणे सोपे असते. मग पाऊस आला की पाणीही त्याच ओळींतून वरून खाली धावे, कारण पाण्यालाही तेच सोपे असते. जाताना ते माती घेऊन जाई. असे पुष्कळ वर्षे चालले. खालच्या नदीतल्या माशांचे त्यावर काय म्हणणे होते, याची नोंद उपलब्ध नाही.

उताराच्या मध्यावर येसाबाई नावाच्या साळिंदरणीचे शेत होते. त्यात ती सुरण लावी. सुरणाला खोल माती लागते. तिच्या आईच्या काळात सुरण डोक्याएवढा निघे. तिच्या हाती शेत आले तेव्हा तो पेरूएवढा झाला होता. गेल्या वर्षी तो बोराएवढा निघाला, आणि येसाबाईने तो शिजवला नाही, नुसता बघत बसली.

येसाबाईला एक सवय होती. अंगावरचा काटा गळला की ती तो टाकून देत नसे. शेतात रोवून ठेवी. साळिंदराच्या काट्यावर एकाआड एक काळे-पांढरे पट्टे असतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर आता झाले. काटा ती अर्ध्यापर्यंत रोवी, आणि पावसाळा संपला की किती पट्टे उघडे पडले ते जाऊन बघे. गेल्या पावसात दोन पट्टे उघडे पडले होते. खाली मुरूम लागायला दोनच पट्टे शिल्लक होते.

म्हणजे आणखी एकच पावसाळा. त्यानंतर खिंडीपलीकडे जाणे भाग होते. तिकडे गावाची शेते होती आणि शेतांवर कुत्री होती. येसाबाईची थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी तिकडे गेली होती. तिचा काटासुद्धा परत आला नव्हता.

येसाबाईच्या शेताच्या वरच्या अंगाला दौलतराव रानडुकराचे शेत होते. त्यात मुरूम होता आणि करवंदीची एक जाळी होती. जाळीवर सात प्रमाणपत्रे टांगलेली होती. उतारावर आजवर शेतीची सात प्रशिक्षणे झाली होती आणि दौलतराव एकाही दिवशी गैरहजर राहिला नव्हता. शेतात मात्र तो फारसा सापडत नसे.

त्या उन्हाळ्यात ‘अरण्य मृदा उद्धार पीठ’ नावाची संस्था उतारावर आली. जमिनीचा कस परत कसा आणावा, हे ती चाळीस शेतकऱ्यांना चाळीस दिवसांत शिकवणार होती. मुख्य प्रशिक्षक होते प्राध्यापक शेंडेकर. ते वानर होते. त्यांनी मातीचा तीस वर्षे अभ्यास केला होता आणि तो सगळा झाडावर बसून केला होता. ओली माती हाताला चिकटते आणि कोरडी माती नाकात जाते, हे त्यांना वाचून ठाऊक होते.

प्रशिक्षण भर उन्हाळ्यात सुरू होऊन पावसाच्या तोंडावर संपणार होते. या दिवसांत शेतकरी अगदी मोकळे असतात, असे पीठाच्या पाहणीत आढळले होते.

येसाबाई पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन वडाखाली बसली. त्या दिवशी ओळख झाली. प्रत्येकाने आपले नाव सांगायचे आणि माती म्हणजे आपल्यासाठी काय ते सांगायचे, असा परिपाठ होता. दौलतराव ‘माती’ म्हणताच रडला. सात वेळा सराव झालेला असल्याने तो योग्य जागी रडला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी सागाच्या पानावर आपापल्या स्वप्नातले शेत काढले. तिसऱ्या दिवशी चांगल्या शेतकऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत, यावर गटचर्चा झाली. गटचर्चा संपत आल्यावर येसाबाईने हात वर केला आणि उतारावर बांध किती उंच घालावा, असे विचारले.

प्राध्यापक फांदीवरून मायेने हसले. “बाई, तुमची फार घाई. बांध बाविसाव्या दिवशी आहे. आधी आपल्याला मानसिकता बदलायची आहे.”

“कोणाची?”

“तुमची.”

“बदलली. आता उंची सांगा.”

“बाविसाव्या दिवशी,” प्राध्यापक म्हणाले, आणि सर्वांनी त्यांच्या संयमाबद्दल टाळ्या वाजवल्या.

परत येताना येसाबाईला वाटेत एक ओंडका दिसला. वादळात पडलेला जुना ऐनाचा वृक्ष होता तो. उताराला आडवा पडला होता. त्याच्या वरच्या अंगाला गाळ साठला होता आणि ऐन उन्हाळ्यात तिथे चार हिरवी पाती उभी होती. येसाबाईने एक काटा काढून त्या गाळात रोवला. तो खाली जातच राहिला. नऊ पट्टे आत गेल्यावर मुरूम लागला.

ती बराच वेळ त्या ओंडक्यापाशी उभी राहिली. ओंडक्याची मानसिकता कोणी बदललेली नव्हती. तो फक्त आडवा पडला होता.

चौथ्या दिवसापासून येसाबाई प्रशिक्षणाला गेली नाही. ती दगड लोटत होती. उताराला आडवे दगड रचायचे, फटींत पाचोळा ठासायचा, वरून काटक्या दाबायच्या, असे तिने ठरवले. उंचीचे तिला कोणी सांगितले नव्हते म्हणून तिने ओंडक्याचीच उंची धरली. रोज संध्याकाळी दौलतराव प्रशिक्षणाहून परतताना तिच्या शेताशी थांबे. त्याला तिची मनापासून काळजी वाटत होती.

“येसाबाई, हजेरीत तुझ्या नावापुढं फुली पडतीय.”

“पडू दे. तुमच्या शेतात काय पडतंय, दौलतभाऊ?”

“आज आम्ही मातीची प्रार्थना शिकलो.”

“मग शेतात जाऊन म्हणा की.”

“शेतात कशाला? तिथं माती कुठाय?” दौलतराव म्हणाला आणि विचार करत वर निघून गेला.

बाविसाव्या दिवशी संध्याकाळी येसाबाई वाटेवर मुद्दाम थांबली. दौलतराव आला तेव्हा तिने उंची विचारली. तो म्हणाला, आज प्राध्यापक आलेच नाहीत. दुसऱ्या जंगलात त्यांचे बांधावर व्याख्यान होते.

चाळीस दिवस संपले. समारोप झाला, हार झाले, आभार झाले; प्रमाणपत्रे मागाहून मिळणार होती. आभार चालू असतानाच पाऊस आला, आणि आभार मोठे असल्यामुळे एकोणचाळीस शेतकरी वडाखाली बसून आपली शेते नदीकडे जाताना पाहत राहिले.

येसाबाईने सात बांध घातले होते. पहिल्याच दणक्यात त्यांतले दोन फुटले. तिने भर पावसात ते पुन्हा रचले आणि या वेळी पाणी जायला एका कडेने वाट ठेवली. महिन्याभराने तिने काटे पाहिले. एकही पट्टा उघडा पडला नव्हता. बांधांच्या पाठीशी तर तीन-तीन पट्टे गाळाखाली गेले होते, आणि सुरणाने छत्रीसारखी पाने उघडली होती.

तो गाळ पाहायला दौलतरावही आला. त्याने वास घेतला आणि ही माती आपली आहे, असे जाहीर केले. वरून तीच वाहून आली असणार.

“तुमच्या शेतात माती नाही म्हणाला होतात,” येसाबाई म्हणाली.

“नाहीच. बघ ना, तुझ्याकडं आहे.”

“मग घेऊन जा. पण वर नेऊन अडवणार कशानं?”

दौलतराव गाळात बसला. हा विषय आठही प्रशिक्षणांत आला नव्हता. “राहू दे मग हितंच,” तो शेवटी म्हणाला. “घरचीच समज.”

इकडे पीठाला अहवाल लिहायचा होता आणि अहवालाला एक यशोगाथा लागते. प्राध्यापक शेंडेकर सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यावर चढले. एकोणचाळीस शेतांत मुरूम लकाकत होता. एक शेत हिरवे होते. प्राध्यापक फांद्यांवरून उड्या घेत येसाबाईच्या डोक्यावरच्या जांभळावर येऊन बसले.

“बाई, प्रशिक्षणाचा परिणाम उत्तम दिसतो आहे.”

“मी तीनच दिवस आले होते.”

“तीन दिवसांत एवढा. म्हणजे विचार करा.”

येसाबाईने विचार केला. दुसऱ्या दिवशी पीठाच्या माणसांनी, म्हणजे माकडांनी, तिच्या शेताच्या तोंडाशी एक पाटी रोवली. पाटीवर ‘आदर्श शेत’ असे लिहिले होते. इथवर कोणाचे काही बिघडले नव्हते.

बिघडले ते पुढे. आठ दिवसांनी शिवारफेरी ठरली. शिवारफेरी म्हणजे पाहुण्यांनी शेताच्या मधोमध चालत फिरून शेत समजून घेणे. प्रमुख पाहुणे म्हणून हत्ती येणार होते. त्यांच्यासोबत चाळीस गवे येणार होते. हत्तींच्या भाषणाचा विषय होता, ‘पायाखाली दबल्याने मातीचे होणारे नुकसान’. या विषयात त्यांच्या तोडीचा अनुभव जंगलात कोणाला नव्हता.

येसाबाईने प्राध्यापकांना विनंती केली की पाहुण्यांनी कडेला उभे राहून शेत पाहावे. माती ओली होती. गेल्या महिन्यात एकच गवा चुकून आत आला होता, तर एका बांधाची दुरुस्ती करण्यात तिचा अख्खा दिवस गेला होता. एक्केचाळीस आले तर एकही बांध उभा राहणार नव्हता, आणि अजून दोन महिन्यांचा पाऊस बाकी होता. त्यानंतर खिंड, आणि खिंडीपलीकडची कुत्री.

प्राध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी सांगितले की कडेवरून पाहिलेल्या शेताला अहवालात रकाना नाही.

शिवारफेरीच्या दिवशी सकाळी येसाबाई दौलतरावाच्या शेतात गेली. तो प्रमाणपत्रांवरचे पावसाचे थेंब झटकत होता.

“दौलतभाऊ, पाटी हवी का तुम्हाला?”

दौलतरावाचे कान उभे राहिले. त्याला आयुष्यात सगळे मिळाले होते, पाटी तेवढी राहिली होती. “पण माझ्या शेतात दाखवायला हाय काय?”

“सात प्रमाणपत्रं आहेत. माझ्या शेतात एक तरी आहे का?”

हे म्हणणे बिनतोड होते. दोघांनी मिळून पाटी उपटली आणि शंभर पावले वर नेऊन रोवली. दौलतरावाने ती चारदा सरळ केली.

पाहुणे आले. शिवारफेरीआधी पाहुण्यांना भोजन द्यावे, अशी पीठाची पद्धत होती आणि भोजनात पीठाने कधीही हात आखडला नव्हता. बांबूचे कोंब होते, उंबरे होती, दाणे भरलेल्या गवताचे भारेच्या भारे होते. दोन तास जेवण झाले. मग प्रमुख पाहुण्यांच्या पाठीवर प्राध्यापक चढून बसले आणि सर्व मंडळी डुलत पाटीपाशी पोहोचली.

प्रमुख पाहुण्यांनी पाटी वाचली. मग शेत पाहिले. मग पुन्हा पाटी वाचली, कारण दोहोंत फरक आढळला तर पाटी ग्राह्य धरावी, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

“या शेताचा साधेपणा मला भावला,” ते म्हणाले. “इथे दिखाऊ हिरवळ नाही. इथला बदल आतला आहे.”

प्राध्यापकांनी तोंड उघडले. परंतु प्रमुख पाहुण्यांची चूक दुरुस्त करण्याची तरतूद पीठाच्या नियमांत नव्हती. त्यांनी तोंड मिटले आणि टाळ्या वाजवल्या. दौलतरावाला आठवे प्रमाणपत्र मिळाले. तो ‘माती’ म्हणाला आणि रडला. या वेळी सराव कामी आला नाही, तो खरोखरच रडला.

भाषण लांबले. एक्केचाळीस थोर प्राणी, भरल्या पोटी, दोन तास त्या मुरमावर फिरत आणि उभे राहत होते. अशा वेळी असे प्राणी काय करतात, हे तुम्हा मुलांना कोणी सांगायला नको. हसू नका. ही गोष्ट गंभीर आहे.

गव्यांच्या खुरांनी मुरमाची वरची कडक खपली फुटली. हत्तींच्या प्रत्येक पावलाचा एक खड्डा झाला. खड्ड्यांत शेण पडले, लीद पडली, आणि त्यांत उंबराच्या आणि गवताच्या असंख्य बिया होत्या. त्याच संध्याकाळी पाऊस आला. प्रथमच दौलतरावाच्या शेतातले पाणी खाली धावले नाही. ते खड्ड्यांत थांबले.

तीन आठवड्यांनी दौलतराव धापा टाकत येसाबाईकडे आला.

“येसाबाई, माझ्या शेतात कायतरी उगवलंय. हिरवं हाय. उपटू का?”

“उपटू नका, दौलतभाऊ. ते गवत आहे.”

तिने त्याला एक काटा दिला. दौलतरावाने तो दोन्ही हातांनी घेतला आणि हा कुठल्या प्रशिक्षणाचा, असे विचारले. तो जाळीवर आठव्या प्रमाणपत्राशेजारी टांगायचा त्याचा विचार होता. येसाबाईने काटा परत घेतला, वर जाऊन त्याच्या शेतात रोवला आणि पट्टे कसे पाहायचे ते दाखवले. पावसाळा संपला तेव्हा एक पट्टा मातीखाली गेला होता. दौलतराव ते दिवसातून दोनदा जाऊन पाही. त्यामुळे नवव्या प्रशिक्षणाची नावनोंदणी त्याच्या लक्षातून गेली.

पीठाचा अहवाल थंडीत प्रसिद्ध झाला. शिवारफेरीमुळे नापीक जमिनीवर तीन आठवड्यांत हिरवळ आली, असे त्यात म्हटले होते, आणि ते खरे होते. शेणाचा उल्लेख नव्हता, कारण रकाना नव्हता.

त्याच आठवड्यात येसाबाईने सुरण काढला. तो पेरूपेक्षा पुष्कळ मोठा होता. डोक्याएवढा अजून नव्हता. तिने अर्धा शिजवला आणि अर्धा दौलतरावाकडे पाठवला, कारण माती काही अंशी त्याचीच होती.

तात्पर्य : जमीन सुधारायची असेल, तर मोठ्या तज्ज्ञांना अवश्य बोलवावे. त्यांना पोटभर जेवू घालावे आणि जमीन जिथे सर्वांत नापीक असेल, तिथे दोन तास उभे करावे. ते बोलू लागले तर बोलू द्यावे. बोलण्याने मातीची धूप होत नाही.