मुर्रीच्या गच्चीवरचा समुद्र

समुद्र आमच्या मुर्री गावापासून इतका लांब, की गल्लीतल्या कुणाच्या चपलेला त्याची वाळू लागलेली नाही. तरी आमचे शेजारी देवरामभाऊ रोज संध्याकाळी गच्चीवर चढतात आणि समुद्रावर वारं कसं असेल, ते जाहीर करतात! गच्चीवर एक उंच बांबू, त्याला दोन लाल रिबिनी: एक कमरेइतक्या उंचीवर, एक शेंड्याला.

त्यांची लेक मंदा समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी वारा मोजते. बोटीने जाऊन यंत्रं तपासते. माझी पिंकी घरीच ब्लाउज शिवते. मला जळायला एवढं पुरेसं होतं.

त्यात चहाच्या टपरीवरचं माझं राज्यही गेलं. इतकी वर्षं माझ्या किश्श्यांवर हसणारी माणसं आता भाऊंकडे तोंड करून बसतात.

"पाणी थंड अन् वरची हवा गरम असली का थर मिसळत नाही. खाली सामसूम, वर वारं पळून राहिलं! खालीच मोजलं का फसलेच तुम्ही."

"काऊन भाऊ, समुद्र पाह्यला का कधी?" मी टोचलं.

"धान उपणलं ना! सूप कमरेशी धरलं का कोंडा पायात. डोक्यावर धरलं का तुमच्या वावरात!"

टपरी खदाखदा हसली. माझी टपरी!

परवा ठरवलं, याचं बिंग फोडायचंच. तडक गच्चीवर गेलो. दोन्ही रिबिनी मान टाकून लोंबकळत होत्या.

"आज समुद्र झोपला वाटते!"

भाऊ हसले नाहीत. "वारं नसलं का बोट जाते. सुटलं का बोट थांबते, मंदा किनाऱ्यावरच राहते, मंग मले फोन करते."

"अहो, पण इथल्या वाऱ्याचा अन् तिथल्याचा काय संबंध?"

"काहीच नाही. मले काय मालूम नाही?" त्यांनी खालची रिबीन बोटाने हलवून पाहिली. "शाळेतल्या आहेत तिच्या."

"मंग रोज वर कायले चढता?"

"खरं सांगू? तुमच्यावर जळतो मी."

तेवढ्यात आमच्या अंगणातून पिंकीची हाक आली, "बाबाऽ, जेवाले चलाऽ!"

"हेच," भाऊ म्हणाले. "रोज याच टायमाले. वरून साफ ऐकू येते."

मी ओ दिली नाही. पिंकीला पुन्हा हाक मारावी लागली. मग चिडून, आणखी एकदा.