कडी आतून लागते का?

माणूस पारखावा तर मीच! पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं नोकरभरती करतोय. उमेदवार आत येऊन खुर्ची ओढेपर्यंत माझा निकाल तयार असतो. पुढची वीस मिनिटं आपली रीत म्हणून बोलायचं आणि शेवटी "आम्ही कळवू" म्हणायचं. ज्याला घ्यायचंय त्याला मी हे वाक्य कधीच ऐकवत नाही, हे आमच्या वॉचमनलाही पाठ आहे.

त्यामुळे थोरली आणि धाकटा या आमच्या दोन पोरांना सांभाळायला घरात चोवीस तास राहणारी बाई शोधायची वेळ आली तेव्हा मी बायकोला ऐटीत म्हणालो, "तू फक्त बघत राहा!"

"बघतेच आहे. वर्षभरात दोन बघितल्या. दोघीही गेल्या."

बायको नकाशे काढणाऱ्या कचेरीत आहे. घरी बाई टिकेना म्हणून तिने रजा ताणून ताणून पार रबर केली होती. सोमवारी हजर झाला नाहीत तर जागा दुसऱ्याला देऊ, असं शेवटी साहेबांचं पत्र आलं. शनिवारी संध्याकाळी ती कपाटातून सगळ्या पेन्सिली काढून टोक करत बसली.

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर मुलाखतीची मांडणी केली. पाण्याचा ग्लास, कोरा अर्ज, आणि उमेदवाराची खुर्ची उजेडाकडे तोंड करून.

"अहो, मुलाखत कसली घेताय? हात जोडा!" बायको कुजबुजली.

"तुला त्यातलं कळत नाही."

तिच्या मैत्रिणीने पाठवलेली बाई दहाच्या ठोक्याला आली. पन्नाशीची, ठेंगणी, काखेत कापडी पिशवी. मी "बसा मावशी" म्हणून खुर्ची दाखवली, तर धाकटा माझ्या खुर्चीखाली बसलाय म्हणून त्या सरळ माझ्याच खुर्चीत बसल्या. त्याच्या तोंडातलं पेनाचं टोपण त्यांनी न बघता काढलं. मी डोळे किलकिले करत उमेदवाराच्या खुर्चीत!

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" सवयीने तोंडातून निघून गेलं.

"पाच वर्षांनी हा शाळेत जाईल," मावशींनी धाकट्याकडे बोट केलं. "म्हणजे मी दुसऱ्या घरात, दुसऱ्या कुणाचा तरी शेंबूड पुसत."

या उत्तराला किती गुण द्यावेत ते मला सुचेना. मग मी हुकमी पान काढलं. "आधीच्या मालकांचा नंबर द्या. मी चौकशी केल्याशिवाय माणूस घेत नाही!"

त्यांनी दिला. पलीकडच्या बाई फोनवर जवळजवळ रडल्याच. आमची बदली झाली हो, नाहीतर त्यांना आम्ही सोडलं नसतं, म्हणाल्या. मी समाधानाने फोन ठेवला.

"आता तुमचा द्या," मावशी म्हणाल्या.

"माझा? माझा कसला?"

"तुमच्याकडे आधी राहून गेलेल्या बायांचा नंबर. मीही चौकशी केल्याशिवाय घर घेत नाही."

बायकोला एकाएकी खोकला आला. माझ्या फोनमध्ये दोन नोंदी होत्या: 'बाई' आणि 'बाई नवी'. आधी 'बाई'ला लावला. मावशींनी बोट पुढे करून स्पीकरचं बटण दाबलं आणि "या साहेबांचं घर कसं आहे?" म्हणून विचारलं.

"कोण? तो कागदवाला?" तिकडून आवाज आला. "ताई, त्या माणसाने स्वयंपाकघरात सव्वीस नियम लावलेत. प्लॅस्टिकमध्ये घालून! नियम अकरा, पोराने भोकाड पसरलं तर किती वाजता ते वहीत लिहा. आता पोर घेऊ का वही घेऊ?"

"तो शास्त्रीय..." मी म्हणालो, पण फोन बंद झाला होता.

'बाई नवी' मात्र शांतपणे बोलली. "मुलं गुणी आहेत. थोरलीला झोपताना कानाची पाळी धरायला लागते, तेवढं लक्षात ठेवा. ताई चांगल्या. साहेबही वाईट नाहीत."

मी छाती फुगवली.

"पण खोलीला आतून कडी नाही. कपडे वाळलेत का बघायला, बॅग काढायला, इस्त्री न्यायला जो तो आत. मुद्दाम नाही हो कुणी. पण चार महिन्यांत मी एकदा निवांत पाठ टेकली नाही."

ती म्हणत होती ते खरं होतं. बॅग काढायला मीच जायचो. ती अंग चोरून उठून उभी राहायची आणि मी म्हणायचो, "बसा, बसा!" जणू खोली माझी आणि ती पाहुणी.

मावशी उठल्या, पिशवी काखेत मारली. "कळवते," म्हणाल्या.

कळवते! बावीस वर्षं मी शेकडो लोकांच्या पदरात टाकलेला शब्द घरपोच परत आला. बायकोने पेन्सिलींचा डबा उचलून कपाटात ठेवला. मला ते बघवेना.

"पाच मिनिटं थांबा, मावशी!" मी ओरडलो आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन न्हाणीघरात घुसलो. तिथली कडी उपटली, बाईसाठीच्या मागच्या खोलीच्या दाराला आतून ठोकली आणि दार लावून ओढून बघितली. लागली! उघडायला गेलो. उघडेना! स्क्रूड्रायव्हर शोधला, तर तो बाहेर धाकट्याच्या हातात.

खोलीत मी, वॉशिंग मशीन आणि मशीनमध्ये गरागरा फिरणाऱ्या घरभरच्या चादरी. खाटेवर बसलो तर गुडघे मशीनला टेकले. आमच्या तीन बॅगा, मोडका पंखा, इस्त्रीचं टेबल. राहणाऱ्या माणसासाठी एक खिळा, तोही वाकडा. एवढ्या जागेत मी माणसं ठेवली आणि गेली की त्यांनाच नावं ठेवली. मला मनापासून लाज वाटली.

"बाबा आत अडकले!" थोरलीने बाहेर आनंदाने जाहीर केलं.

"साहेब," दारापाशी मावशींचा आवाज आला, "जोर लावा बघू. धक्का मारा. उघडतंय का?"

मी खांदा दिला. खांदा दुखला, दार ढिम्म.

"नाही उघडत!"

"मग कडी पक्की आहे," त्या म्हणाल्या आणि दाराखालून स्क्रूड्रायव्हर आत सरकवला. "बाहेर येताना त्या बॅगा घेऊन या. आणि तो पंखाही."

सोमवारी आठला मावशी आल्या. नऊला बायको पेन्सिलींचा डबा घेऊन कामावर गेली. जिन्यात वळून तिने हात हलवला, मुलांना आणि चक्क मलाही. बॅगा आता माझ्या पलंगाखाली आहेत. सव्वीस नियमांच्या पाठीवर थोरली चित्रं काढते.

न्हाणीघराला नवी कडी आणायची राहूनच गेली आहे. आत कुणीतरी आहे हे कळावं म्हणून मी अंघोळ करताना मोठ्याने गातो. काल दारावर थाप पडली.

"साहेब, गाणं बंद! पोर आत्ता झोपलंय."

आज महिना झाला. सकाळी मावशींना जरा अदबीनेच विचारलं, "मग? आता कायमच्या राहणार ना आमच्याकडे?"

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "कळवते."