आप्पा आणि आधीच लागलेले शोध

वाल्मीक आप्पांना कुणी रस्ता सांगितला की ते दोन्ही कानांत बोटं घालतात. भर चौकात, स्कूटर पायांनी तोलून. गंगापूर रोडला लग्न असतं, टपरीवाला आपण होऊन म्हणतो, "काका, इथून डावीकडे," आणि आप्पा ओरडतात, "माले सांगू नका!" मग हटकून उजवीकडे वळतात. मांडवात पोचेपर्यंत शेवटची पंगत उठलेली असते. काकू आहेराचं पाकीट धरून मागे बसलेल्या, आणि आप्पा त्यांनाच विचारतात, "हा रस्ता पाहिला होतास का कधी?"

आप्पा इंदिरानगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे नामपूरचे. सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टा करण्यात उभा जन्म गेला. एरवी बोलतात आपल्यासारखंच, पण राग आला किंवा आनंद झाला की थेट अहिराणीवर उतरतात. आणि आनंद त्यांना वरचेवर होतो, कारण त्यांना सारखे शोध लागत असतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. अमक्याचा शोध कोणी लावला, एका वाक्यात उत्तर द्या, एक गुण, हा माझा धंदा. तेव्हा आमचं जमणं कठीणच होतं. आम्ही नव्याने राहायला आलो त्या उन्हाळ्यात हे गृहस्थ गूळ-शेंगदाण्यांची वाटी घेऊन दारात उभे. शोध लागला की गूळ-शेंगदाणे वाटायचे, ही त्यांची रीत.

"बाई, माठाला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी जास्त गार होतं!"

"आप्पा, हे माझ्या पणजीलाही माहीत होतं."

"पणजीले लागना व्हई. माले आज लागना!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर आणखी एक मूठ ठेवली.

घरात नवी वस्तू आली की तिच्याबरोबरचं माहितीपुस्तक आधी रद्दीत जातं. "पुस्तक वाचून चालवला तर मिक्सर कंपनीचाच राहिला, माझा कुठे झाला?" हे त्यांचं तत्त्वज्ञान. मोबाईलमध्येच उजेडाची बॅटरी असते हा शोध त्यांना मोबाईल जुना झाल्यावर लागला. तोवर दिवे गेले की ते हातात बॅटरी घेऊन मोबाईल शोधत. त्या शोधाचे गूळ-शेंगदाणे अख्ख्या सोसायटीने खाल्ले, हसू दाबून.

हसू आलं नाही ते फक्त गच्चीवरच्या सोलर बंबाच्या वेळी. आप्पांनी तिथले कुठलेसे दोन कॉक फिरवून पाहिले आणि ऐन मे महिन्यात सगळ्या बिल्डिंगच्या फ्लशला कढत पाणी येऊ लागलं. चेअरमननी तातडीची मीटिंग बोलावली. आप्पा आरोपीसारखे खाली मान घालून बसतील असं वाटलं होतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलो. पण कसा चुकलो हे मला ठाऊक शे. तुमच्या डोक्यावर इतकी वर्षं हे पाइप आहेत, कुठला कुठे जातो एकाला तरी माहीत आहे का?" कुणालाच माहीत नव्हतं. तरीही गच्चीला कुलूप लागलंच. "लावा," आप्पा म्हणाले, "कुलपाचाबी शोध लागतो." चेअरमननी दुसऱ्या दिवशी आणखी मोठं कुलूप आणलं.

मी त्यांच्याशी पुष्कळदा वाद घातला. शोध म्हणजे जगात कुणालाच माहीत नव्हतं ते, बाकी सगळा वेळेचा अपव्यय. आप्पा म्हणत, "तुमच्या पोरांना उत्तर पाठ आहे बाई. पण एखादी गोष्ट आपली आपल्याला सापडल्यावर पोटात जे होतं, ते झालंय का त्यातल्या एकाला तरी? ते ज्याला झालं नाही तो नवीन काय डोंबल शोधणार?" मी म्हटलं, पोटात होऊन पेपर सुटत नाही. त्यांनी माझ्याकडे अशी कीव आल्यासारखी नजर टाकली की मला आठवडाभर त्यांचा राग होता.

आणि मग काकूंचे हात कापायला लागले.

औषधं सुरू झाली, थोडा फरकही पडला. पण कप ओठांपर्यंत जाईना. काकूंनी भिशीला जाणं सोडलं, हळदीकुंकवाला जाणं सोडलं. चारचौघींत चहा सांडला की बायका लगबगीने पुसायला धावतात, ते त्यांना सोसवेना. कुणी पाजलेलं तर मुळीच चालत नव्हतं. "मी काय लेकरू शे?" म्हणाल्या. आप्पांनी त्यांना शब्द दिला, न सांडणारा कप मीच करतो.

झालं. घराचा कारखाना झाला. एक कप नारळाच्या करवंटीत बसवलेला. एकाला सायकलचे बेअरिंग. एक तर साखळ्यांनी टांगलेला, देवघरातल्या दिव्यासारखा. रोज चार वाजता गॅलरीत चाचणी. काकू आप्पांचा जुना रेनकोट उलटा घालून खुर्चीत बसायच्या आणि आप्पा समोर स्टुलावर, डोळे बारीक करून. शाळेतून येताना फाटकातून मला सगळं दिसायचं. चहा सांडायचा, रेनकोट पुसला जायचा, दुसऱ्या दिवशी नवा कप.

महिना झाला तसा माझा संयम सुटला. असे कप बाजारात मिळतात. दोन कानांचे, झाकणाचे, बुडाला जड. मी मोबाईलवर मागवला आणि सरळ वर नेऊन काकूंच्या हातात दिला. काकू चहा प्यायल्या. एक थेंब सांडला नाही. आप्पा काकूंचं तोंड निरखत होते. मी विजयी मुद्रेने खाली आले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बघते तर पुन्हा तेच! रेनकोट, स्टूल, करवंटी. मी तणतणत वर गेले.

"आप्पा, आता मात्र हद्द झाली! कप मिळाला ना? स्वतःच्या हट्टापायी काकूंचे हाल का करता?"

आप्पा उठले. चिडलेले नव्हते, पण मागे हटणारेही नव्हते.

"तुमचा कप एक नंबर शे, बाई. माझ्याच्याने तसा होणार नाही. पण ऐका. माझा प्रत्येक कप तोंडाला लावला की ही तोंड वाकडं करायची. मला वाटलं काठ जाड झाला. काठ घासला. तरी वाकडं. मग कान बदलला. तरी तेच. एक दिवस सिलिंडर संपला, चहा होईना, म्हणून कपात ताक ओतलं. हिने अर्धं सांडलं, पण उरलेलं गटागटा प्याली. हसली! दुसऱ्या दिवशी तोच कप, आत चहा. तोंड वाकडं. पुन्हा ताक. हसली. काल तुमच्या कपातला चहा पितानाही तोंड वाकडंच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिला चहा आवडतच नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून पीत आली, मला आवडतो म्हणून. मी हिच्या हातचा चहा पिऊन शिफ्टला पळायचो. ही पिताना कशी दिसते, मी कधी पाहिलंच नव्हतं. तुमच्या मोबाईलवर हे सापडलं असतं का?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या कापऱ्या हाताने रेनकोटची सुरकुती सारखी करत होत्या.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत, काकू?"

"कोनी इचारंच नही," काकू म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात.

मी आणलेला कप टेबलावर होता. काकूंनी तो नीट, दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. "चांगला शे वो, बाई. भिशीले जासू तवय न्हेसू. घरमा नको." मग आप्पांकडे वळून त्यांनी करवंटीसाठी हात पुढे केला. आप्पांनी तांब्यातलं ताक तिच्यात ओतून दिलं.

पहिल्याच घोटाला निम्मं ताक रेनकोटवरून ओघळलं. आप्पांनी ते पुसलं नाही. स्टूल आणखी पुढे ओढलं आणि गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"आखो काय काय आवडत नही तुले?"

काकू विचारात पडल्या. मग कधी नव्हे ते लाजून हसल्या आणि म्हणाल्या, "लय शे."

मी मागे सरले, आणि बाहेर पडून दार हळूच ओढून घेतलं.